मान्य चूक

पडद्यावर आईच्या नवऱ्याचं नाव उमटलं आणि ते वाचून ऋजुताला असं हसू फुटलं की स्थिती केंद्रातली अख्खी रांग वळून बघायला लागली.

'केतकी साने. सहवासी : दत्तात्रय कुंभोजकर. सहवासांक : एक्क्याऐंशी.'

"कुंभोजकर सर?" ऋजुता ओरडलीच. "आपले खालच्या मजल्यावरचे? आई, ते बहात्तर वर्षांचे आहेत!"

"हळू," आई दातओठ खात म्हणाली, पण तिचाही आवाज काही हळू नव्हता. "अहो मॅडम, काहीतरी गडबड आहे. माझा जोडीदार हा. हा इथं उभा आहे ना, तो."

हा म्हणजे संग्राम चौगुले. नाव संग्राम, पण माणूस असा की दारातून आत येताना दाराचीही परवानगी घेईल. खांद्याला वजनांची जड पिशवी अडकवून तो रांगेच्या कडेला अंग चोरून उभा होता. मागच्या बाईंची पर्स त्याच्या कोपराला लागली, तर तोच म्हणाला, "चुकलं माझं."

खिडकीपलीकडच्या नदाफ मॅडमनी संग्रामचं नाव टाकलं. यंत्रानं जरा वेळ घेतला.

'केतकी साने आणि संग्राम चौगुले. सहवासांक : चौतीस. निष्कर्ष : एकत्र राहत नाहीत.'

ऋजुताचं हसू जागच्या जागी वाळलं.

आता हा सहवासांक काय प्रकार आहे ते सांगायला हवं. माणूस एकटा कधीच नसतो. त्याच्या जिभेवर, तळहातांवर, पोटात अब्जावधी जंतू सुखानं नांदत असतात आणि प्रत्येकाचा हा गोतावळा वेगळा असतो. पण माणसं एका घरात राहायला लागली की त्यांचे जंतूही एकमेकांकडे जायला यायला लागतात. एका टॉवेलवरून, एका उशीवरून, एका नळाच्या चावीवरून, एकाच ताटातल्या उचललेल्या घासावरून. कपाटात लोणच्याशेजारी पापड ठेवले की पापडांना लोणच्याचा वास लागतो ना, तसं. महिना-दोन महिन्यांत दोन माणसांचे गोतावळे इतके सारखे होतात की ते पाहून ही एका घरची माणसं, असं छातीठोक सांगता येतं.

हे शास्त्रज्ञांना फार आधीपासून ठाऊक होतं. नवीन होतं ते यंत्र. कापूस लावलेली एक काडी जिभेवरून आणि तळहातावरून फिरवायची, यंत्रात घालायची, की अकरा मिनिटांत शून्य ते शंभरमधला आकडा हजर. अनोळखी माणसांचा आठ-दहा, शेजाऱ्यांचा फार तर वीस. साठच्या वर गेला की एक घर.

झालं, सरकारला हेच हवं होतं. कारण प्राप्तिकराच्या विवरणपत्रात लोक दोन्ही बाजूंनी थापा मारायचे. एकत्र राहणारे 'अविवाहित' लिहायचे आणि ज्यांचं एकमेकांचं तोंड बघणं बंद झालंय ते सवलतीसाठी 'संयुक्त' भरायचे. मग सहवास कायदा आला. लग्नपत्रिका नको, साक्षीदार नकोत, प्रतिज्ञापत्र नको. काडी फिरवा, आकडा घ्या. विवरणपत्रातला स्थितीचा रकाना यंत्रच भरेल आणि तोच दाखला सगळीकडे चालेल. पूर्वी म्हणे काडी मोडून माणसं वेगळी व्हायची. आता काडी फिरवून एकत्र व्हायला लागली.

कायदा आला तेव्हा केतकीनं घरात पेढे वाटले होते. तिचं लग्न झालं होतं जयंत सानेशी, आणि जयंत साने ऋजुता चार वर्षांची असताना टोरोंटोला जो गेला तो गेलाच. घटस्फोटाचा दावा बारा वर्षं तारखांवर तारखा खात पडला होता. त्यामुळे दर वर्षी विवरणपत्रात केतकी 'विवाहित' लिहायची आणि लिहिताना पेन कागदात रुतवायची. संग्राम नऊ वर्षं तिच्या घरात होता, पण कागदावर तो कुणीच नव्हता.

आणि आता ही तऱ्हा. कागदावर एक नवरा, काडीत दुसरा, घरात तिसरा.

"पण मॅडम, सरांचा एवढा कसा काय जुळला?" ऋजुतानं खिडकीत मान घातली.

नदाफ मॅडमना शाळकरी पोरीनं प्रश्न विचारलेला आवडला असावा. त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "हा एक जंतू बघ. दुर्मीळ आहे. अख्ख्या राज्याच्या नोंदीत हा फक्त दोघांकडे सापडला. तुझ्या आईकडे आणि त्या सरांकडे. दुर्मीळ जंतू जुळला की यंत्र भरमसाट गुण देतं. सांगलीत दोघांचं आडनाव पाटील निघालं तर त्यात काय विशेष? पण दोघांचं आडनाव एकदम वेगळंच काहीतरी, आणि तेच निघालं, तर तू म्हणशीलच ना, की हे एका घरचे?"

ऋजुता म्हणाली असती. पण आत्ता तिच्या पायाला भिंगरी लागली होती. कारण हा नुसता कराचा प्रश्न नव्हता.

केतकी जनरेटर दुरुस्त करायची. डिझेलचे, हायड्रोजनचे, कसलेही. साखर कारखान्यांपासून दवाखान्यांपर्यंत कुठंही जनरेटर बंद पडला की केतकीला फोन. तिचं एकच वेड होतं : अंटार्क्टिका. तिथल्या भारतीय केंद्रावर चौदा महिने राहून जनरेटर सांभाळायचे. तीनदा अर्ज नामंजूर झाला, चौथ्यांदा निवड झाली. सप्टेंबरात प्रशिक्षण, नोव्हेंबरात जहाज. फक्त एक कागद बाकी होता. घरात अल्पवयीन मुलगी असेल तर तिचा ताबा कुणाकडे, त्याचा स्थितीदाखला. संग्राम नोंदणीकृत सहवासी ठरला तर ऋजुता त्याच्याजवळ, आपल्या घरात. नाही ठरला, तर कागदावरच्या बापाच्या थोरल्या भावाकडे, अमरावतीला.

ऋजुता त्या काकांकडे आयुष्यात दोनदा गेली होती. त्यांच्या घरात पंख्याच्या बटणांवरसुद्धा कुणाचं कुठलं त्याच्या चिठ्ठ्या होत्या. शिवाय इथं ती नुकतीच खो-खोची कप्तान झाली होती. पण खरी भीती वेगळीच. आई तिला अमरावतीला पाठवणारच नाही. आई म्हणेल, "जाऊ दे गं, मी जातच नाही." हसून म्हणेल. आणि मग जन्मभर फ्रीज उघडताना थंड हवा तोंडावर घेत उभी राहील.

घरी आले तर कुंभोजकर सर जिन्यातच उभे. निवृत्त चित्रकला शिक्षक, एकटा जीव, बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचलेली.

"केतकीबाई," सर कमरेवर हात ठेवून म्हणाले, "बहात्तर वर्षं ब्रह्मचारी राहिलो. शेवटी लग्न झालं, आणि मला साधं बोलावणं नाही? जेवायला काय होतं?"

सकाळपासून पहिल्यांदा आई हसली. संग्रामही हसला, पण खाली बघून.

"थट्टा राहू दे. हे घ्या विरजण." सरांनी वाटी पुढं केली. "आज दूध विरजायला उशीर झाला तुम्हाला."

केतकीच्या हातचं दही जन्मात कधी लागायचं नाही. एक तर दूध, नाहीतर चिकट तार. म्हणून आठ वर्षं रोज संध्याकाळी खालून सरांच्या गाडग्यातलं विरजण यायचं. सरांच्या आईच्या माहेराहून आलेलं, सत्तर-ऐंशी वर्षं एका दिवसाचाही खंड न पडलेलं. आई दह्याशिवाय जेवायची नाही. आणि संग्रामला दह्याचा वासही सहन व्हायचा नाही...

ऋजुतानं वाटी घट्ट धरली.

"आई! दही!!"

"सांडशील."

"अगं दही! तो जंतू! तो सरांचा नाहीये, दह्याचा आहे!"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्या सुटल्या ती स्टीलच्या डब्यात दही घेऊन केंद्रावर हजर. मागून घाईघाईनं आई, आणि सोबत हौसेनं सर. "घटस्फोट घ्यायला आलोय," ते शिपायाला म्हणाले.

नदाफ मॅडमनी दह्यात काडी बुडवली. अकरा मिनिटांनी यंत्रानं दह्याला कुंभोजकर सरांचं सहवासी ठरवलं. अंक ब्याण्णव. नदाफ मॅडम इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. मग त्यांनी 'खाद्यजंतू वगळा' असा हुकूम दिला, पुन्हा हिशेब लावला, आणि सर एक्क्याऐंशीवरून बारावर आले.

"जिंकलो!" ऋजुता टुणकन उडी मारून म्हणाली. "यंत्र चुकलं होतं. आता संग्रामकाकांचं नीट काढा."

नदाफ मॅडमनी काढलं. आणि त्यांचं हसू ओसरलं.

"एकतीस."

"अहो, कमी कसं झालं?"

"तुमची एकच पोळी-भाजी जुळत होती, तीही वगळली गेली ना." त्या आता आईकडे बघत बोलत होत्या. "ताई, रागावू नका. नऊ वर्षं एका घरात राहणाऱ्यांचा साठच्या खाली मी अजून पाहिला नाही. एकतीस म्हणजे... पेइंग गेस्टचा येतो एवढा. सवलतीसाठी खोटा सहवास दाखवणारे पुष्कळ येतात आमच्याकडे. मला फाइलवर शेरा मारावा लागेल. चाळीस दिवसांनी फेरतपासणी. एकतीस जुलैला विवरणपत्रं बंद. त्याच्या आत काय ते."

आई तरातरा घरी आली. संग्राम तेव्हा तासगावच्या बाजारातून परतला होता आणि हातपाय धूत होता. तिनं त्याला आकडा सांगितला.

"पेइंग गेस्ट," ती म्हणाली. "ऐकलंस? पेइंग गेस्ट म्हणाली ती बाई तुला! यंत्रच बिघडलंय."

संग्रामनं पाय पुसले. त्याचा धंदाच काटे तपासायचा. हळदीच्या पेठेतले, भाजी बाजारातले, सोनारांचे. प्रमाण वजनं घेऊन गावोगाव फिरायचं, काटा खरा आहे का बघायचं, दुरुस्त करायचं, मग वजनमापे खात्याचा माणूस सील लावायचा.

"बिघडलं नसंल," तो हळूच म्हणाला. "काटा बरोबर असंल, केतकी."

"म्हणजे?"

"काही न्हाई. चुकलं माझं."

"काय चुकलं? दर वेळी काय चुकतं रे तुझं?" आई ओरडली आणि आत निघून गेली.

ऋजुताला बसवेना. ती हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून परत हॉलमध्ये अशी येरझारा घालत राहिली. काटा बरोबर असंल? मग एकतीस कुठून आले? तिनं ठरवलं, आपणच यंत्र व्हायचं. घरभर काडी फिरवायची. डोळ्यांची.

न्हाणीघरात तीन खुंट्या. पहिलीवर आईचा टॉवेल, दुसरीवर तिचा. तिसरी रिकामी. संग्रामचा टॉवेल कुठं होता? गॅलरीच्या गजांवर, रोज तिथंच असायचा. साबणाच्या खाचेत एक साबण. त्याचा वेगळा, प्लॅस्टिकच्या डबीत, ती डबी त्याच्या पिशवीत. कपात दोन टूथब्रश. त्याचा पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात, पाच किलोच्या वजनाशेजारी, टोपण लावून. फडताळात त्याचं ताट वेगळं, पेला वेगळा, आणि जेवला की तो ते स्वतः घासून ठेवायचा. हॉलमध्ये त्याची गादी सकाळी सहाच्या आत गुंडाळलेली, चादर घडी घालून वर. त्याची उशीसुद्धा त्या गुंडाळीच्या आत.

नऊ वर्षं. आणि त्या क्षणी कुणी म्हणालं असतं, "ऊठ, निघ," तर तो दीड मिनिटात निघू शकला असता आणि मागं त्याची एक वस्तू उरली नसती.

ऋजुता न्हाणीघराच्या दारात उभी राहिली. तिसऱ्या खुंटीखाली भिंतीवर चिकटपट्टीचा पिवळा डाग होता. चौकोनी. तो डाग ती रोज बघायची. आज तिनं तो पहिल्यांदा वाचला.

तिनं डागावर बोट ठेवलं.

सात वर्षांची होती ती. संग्राम राहायला आला त्याचा पहिला दिवस. त्यानं टॉवेल तिसऱ्या खुंटीला अडकवला आणि ती किंचाळत धावली होती. मग वहीचा कागद फाडून, स्केचपेननं, वाकड्यातिकड्या अक्षरांत तिनं तीन चिठ्ठ्या लिहिल्या. 'आई'. 'ऋजू'. 'बाबा'. आणि कमरेवर हात ठेवून त्याला बजावलं होतं, "हे सगळं आमचं आहे. तुम्ही पाहुणे आहात. आमच्या वस्तूंना हात लावायचा नाही. शब्द द्या."

तो गुडघ्यावर बसला होता. एवढा मोठा माणूस. "दिला," म्हणाला होता.

चिठ्ठ्या कधीच्या गळून गेल्या होत्या. बाबांचा चेहरा ती विसरली होती. आणि या माणसानं शब्द पाळला होता. रोज. नऊ वर्षं. काटे तपासणारा माणूस, त्याच्याकडे ग्रॅमभरसुद्धा इकडंतिकडं नाही.

तिनं गॅलरीत जाऊन गजांवरचा टॉवेल ओढला आणि त्याच्यापुढं धरला. "काका, हा आत अडकवा. तिसऱ्या खुंटीला. आणि ब्रश कपात ठेवा. साबण आमचाच वापरा. आजपासून. चाळीस दिवस आहेत आपल्याकडे, होऊन जाईल!"

संग्रामनं टॉवेलकडं बघितलं. मग तिच्याकडं.

"दाखल्यासाठी?" त्यानं विचारलं.

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

"तपासणीच्या दिवशी दुकानदार काटा घासूनपुसून ठिवत्यात," तो म्हणाला. "आम्हाला कळतं ते. पास करतो आम्ही. पण कळतं."

त्यानं टॉवेल तिच्या हातातून घेतला आणि परत गजांवर वाळत घातला.

पुढचे आठ दिवस ऋजुताला कशातच चैन पडेना. खो-खोच्या सरावात ती खो द्यायचा सोडून स्वतःच धावत सुटली, दोनदा. भूमितीच्या तासाला तिनं वहीभर खुंट्या काढल्या. रोज तिला वाटायचं, चाळीसातला आणखी एक गेला. आणि रोज हेही वाटायचं की आपण दिवस मोजतोय हीच तर मेख आहे. अंटार्क्टिका नसती, अमरावती नसती, तर तिला ती खुंटी आणखी नऊ वर्षं दिसली असती का? खरं उत्तर तिला आवडलं नाही. पण खरं होतं ते.

नवव्या दिवशी शाळा बुडवून ती सायकलनं मार्केट यार्डात गेली.

हळदीच्या पेढीवर संग्राम मोठ्या काट्यापुढं उकिडवा बसला होता. डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. हवेतसुद्धा हळद. ऋजुताला तीन शिंका आल्या.

"शाळा?" त्यानं विचारलं.

"बुडवली. काय करताय?"

"शेठ म्हणत्यात काटा जास्त दावतोय." त्यानं वजनांना हात लावला नाही. रिकाम्या काट्याकडे बोट केलं. आकडा चाळीस ग्रॅम दाखवत होता. "हे बघ. वर काहीच न्हाई, तरी चाळीस. लोक आधी वजनं ठिवून बघत्यात. आधी शून्य बघायचं असतं. शून्य चुकलं की पुढचं समदं चुकतं. काटा मग कितीबी इमानदार असू दे." त्यानं पारडं उचललं. खाली हळदीचा थर बसून दगडासारखा घट्ट झाला होता. "वर्षानुवर्षं बसलेलं हाय. कुणी उचलूनच बघितलं न्हाई."

तो ब्रशनं खरवडायला लागला. ऋजुता त्याच्याशेजारी जमिनीवरच बसली, शाळेच्या गणवेशात.

"काका."

"हं."

"शून्य मी चुकवलं होतं."

ब्रश थांबला.

"मी सात वर्षांची होते. मला वाटलं, तुमचा टॉवेल तिथं लागला की बाबा परत येणारच नाहीत. ते तसेही येणार नव्हते. आणि तुम्ही..." तिला एवढ्या लोकांत रडायचं नव्हतं म्हणून ती भराभर बोलायला लागली. "तुम्ही कसला शब्द पाळलात हो! सात वर्षांच्या पोरीचा! मला मधेच कधीतरी म्हणायचं तरी, की ऋजू, आता पुरे. मी आठवीत होते तेव्हा म्हणायचं! मी विसरलेसुद्धा होते!"

"तू इसरलीस म्हणून सुटतो व्हय शब्द?" संग्राम म्हणाला. "काट्याला सील लावलं की मला तोडता येत न्हाई. माझ्या डोळ्यादेखत चुकीचं दावत असला तरी."

"मग कुणाला येतं?"

"ज्यानं लावलं त्याला."

ऋजुता उठली. त्याची पिशवी उघडली, बाहेरच्या कप्प्यातून टोपणवाला टूथब्रश काढला आणि स्वतःच्या दप्तरात टाकला. मग साबणाची डबी काढली, आणि समोरच्या हमालाला म्हणाली, "मामा, हा साबण तुम्हाला. आमच्या घरी आहे."

"अगं..." संग्राम म्हणाला.

"अमरावतीला गेले तरी चालेल," ती म्हणाली. "आकडा येऊ दे नाहीतर न येऊ दे. ब्रश आता कपातच राहणार."

आणि सायकलवर बसून निघून गेली, नाहीतर रडली असती.

जुलैच्या अठ्ठावीस तारखेला केंद्रात नदाफ मॅडमनी दोन काड्या यंत्रात घातल्या. अकरा मिनिटं आई नखं खात होती. कुंभोजकर सर 'मुलीकडून' म्हणून आले होते. ऋजुता बाकाभोवती गोल फिरत होती, सातवी फेरी चालू होती.

'सहवासांक : सत्तावन्न. निष्कर्ष : एकत्र राहत नाहीत.'

तीननं हुकलं. आईनं डोळे मिटले, मग उघडले आणि छान हसली. ऋजुताला जे हसू बघायचं नव्हतं, तेच. "जाऊ दे गं," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी परत अर्ज..."

"मॅडम." आवाज संग्रामचा होता. तो रांगेच्या कडेला नव्हता, खिडकीसमोर उभा होता, मधोमध. "तुमच्या काट्याची मान्य चूक किती?"

"काय?"

"जगात अचूक काटा नसतोय, मॅडम. माझ्याकडचा न्हाई, सोनाराचा न्हाई, तुमचाबी न्हाई. म्हणून हरेक काट्याला मान्य चूक ठरवून दिलेली असती, इतकी इकडं, इतकी तिकडं. यंत्राच्या मागं पट्टीवर लिवलेली असंल. बघा की."

नदाफ मॅडम उठल्या. यंत्राच्या मागं वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"अधिक-उणे चार," त्या म्हणाल्या. "मी केंद्र उघडल्यापासून इथं बसते. हे मला कुणी विचारलं नव्हतं."

"म्हणजे सत्तावन्न हे त्रेपन्नबी असंल, एकसष्टबी असंल. तुमचा काटा ते सांगू शकत न्हाई. आमच्या धंद्यात मान्य चुकीच्या आतल्याला नापास करता येत न्हाई." त्याचे कान लाल झाले होते, पण तो मागं सरला नाही. "मी नापास होणार न्हाई, मॅडम."

सर पुटपुटले, "वा रे पठ्ठ्या!"

नदाफ मॅडमनी पडद्यावर खाली, खूप खाली जाऊन एक रकाना शोधून काढला. 'अंक मान्य चुकीच्या मर्यादेत असल्यास अधिकाऱ्याने समक्ष विचारून निर्णय घ्यावा.' तो रकाना इतका न वापरलेला होता की उघडायला दोनदा पासवर्ड मागितला.

"आता मलाच विचारायला लागणार," त्या म्हणाल्या. त्यांना जरा अवघडल्यासारखं झालं होतं. "केतकी साने, संग्राम चौगुले. तुम्ही एकत्र राहता का?"

"हो," आई म्हणाली. एवढंच म्हणताना तिचा आवाज फाटला.

संग्रामनं आधी ऋजुताकडं बघितलं. तिनं मान डोलावली.

"राहतो," तो म्हणाला. "महिना झाला."

नदाफ मॅडमनी तेवढंच लिहून घेतलं आणि शिक्का मारला.

सप्टेंबरात आई गेली. स्टेशनवर तिनं ऋजुताला शंभर सूचना दिल्या, संग्रामला एकही नाही. त्याच्या खिशात तिनं स्वतःच्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा टाकला, आणि तो काढून परत द्यायला लागला तर त्याच्या हातावर चापटी मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसात वाजता, खो-खोच्या सामन्याला निघायच्या घाईत, न्हाणीघरातून ऋजुताची किंकाळी आली.

"काका! माझा टॉवेल ओला आहे! शी! आणि पिवळा झालाय! हळदीचा वास येतोय! तुम्ही माझा टॉवेल वापरलात?"

स्वयंपाकघरात पोहे परतायचा आवाज क्षणभर थांबला. ऋजुताही थांबली. आता तो म्हणणार, तिला पाठ होतं, नऊ वर्षं ऐकत आली होती ती. ओल्या टॉवेलनं तोंड पुसता पुसता ती त्या दोन शब्दांची वाट बघत राहिली.

"मग काय झालं?" संग्राम आतून ओरडला. "माझा धुवायला टाकलाय. आवर लवकर, पोहे गार व्हायलेत!"